मेडिटेरेनियन आहार सुरू केलाय, पण गोडाशिवाय राहवत नाही. घरी काय करता येईल?

दोन वर्षांपूर्वी यांचं कोलेस्टेरॉल वाढलं आणि आहारतज्ज्ञ बाईंनी हाच, भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचा भाज्या, फळं, कडधान्यं आणि ऑलिव्ह तेलाचा आहार लिहून दिला, तेव्हा मीही त्यांना पहिलं हेच विचारलं होतं. त्या नुसत्या हसल्या.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. मी साखरेचा डबा माळ्यावर टाकला आणि खजूर, अक्रोड, बदाम घालून, वर मध ओतून लाडू वळले. ‘साखर नाहीये ना, घ्या अजून एक’ असं करत दोघं मिळून दिवसाला सात-आठ लाडू फस्त करायचो. महिन्याने काट्यावर उभे राहिलो तर दोघांचंही वजन वाढलेलं! मधात पाचातले चार भाग साखरच असते हो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या सहा चमच्यांच्या आत ठेवा म्हणते, आणि मध त्यातच धरते. खजूर अख्खं फळ म्हणून त्यात येत नाही, पण लाडवात किती खजूर गेले ते आपण मोजतो कुठे?

मुळात ग्रीसच्या क्रीट बेटावर किंवा दक्षिण इटलीत, जिथून हा आहार जगाला कळला, तिथल्या साध्या घरांत रोजचं गोड म्हणजे फळ. पाकातलं गोड सणासुदीला. त्यामुळे बकलावा, म्हणजे सुकामेव्याची पाकात मुरवलेली थरांची मिठाई, ‘तिकडचाच’ म्हणून रोज चालतो असं समजू नका.

आमच्याकडे आता रोज जेवणानंतर फळच असतं. सासवडकडची ताजी अंजिरं आली की मग काही विचारूच नका. कधी दही रात्रभर फडक्यात टांगून चक्का करते, त्यावर चमचाभर मध आणि दोन अक्रोड चुरून. ग्रीक लोक हेच खातात. आपण त्यात साखर फेटून श्रीखंड करतो, एवढाच फरक.

पण खरी गंमत त्यांच्या रव्याच्या हलव्यात आहे. हा चक्क आपला शिरा, फक्त तुपाऐवजी ऑलिव्ह तेलातला. त्यांचं माप पाठ करायला सोपं: एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. तीन वाट्या साखर वाचून मी कपाळावर हात मारला. करून करून माझं माप असं बसलंय: एक वाटी जाड रवा, पाव वाटी तेल, अर्धी वाटी साखर, दोन वाट्या पाणी. पाण्यात साखर, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि संत्र्याच्या सालीची लांब पट्टी घालून उकळायचं. सालीचा आतला पांढरा भाग मात्र काढून टाका, कडू लागतो. दुसरीकडे तेलात रवा आणि बदामाचे काप मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजायचे. घाई केलीत तर रवा वरून लाल आणि आत कच्चा राहतो. मग गॅस बारीक करून, मसाले आणि साल काढून ते पाणी रव्यात ओता, पण हात लांब ठेवून! जोरात फसफसतं, माझ्या मनगटावर अजून डाग आहे. कढईपासून सुटायला लागलं की झाकण, पाच मिनिटं वाफ, मग वाटीत दाबून ताटलीवर उपडं. एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे नुसतं दाबून काढलेलं ऑलिव्ह तेल तसंच चाखलं तर घशाला खवखवतं, पण संत्र्याच्या वासाखाली ते दबतं. आणि गार झाल्यावर तूप थिजून शिरा जसा घट्ट होतो, तसा हा होत नाही.

तिकडचं पास्तेली म्हणजे तीळ आणि मधाची वडी. आपल्याला नवीन ते काय! पातळ थापा आणि छोटी कापा.

हे सगळं आठवड्यातून एक-दोनदा, छोट्या वाटीत. घरात कुणाला मधुमेह असेल तर फळाचंही प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सासूबाईंनी पहिल्यांदा हा हलवा खाल्ला तेव्हा विचारलं, “केळं घालायला विसरलीस का?” सत्यनारायणाला मात्र सव्वा मापाचा, तुपातलाच शिरा होतो आमच्याकडे. तिथे मी लुडबुड करत नाही.