६६व्या वर्षी स्कॉटलंडमधला मन्रो चढणं वडिलांना झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६६ वर्षांचे, पुण्याचे, तरुणपणी सह्याद्रीत भरपूर भटकलेले. मे महिन्यात तुमच्याकडे एडिनबराला येणार आहेत आणि एक तरी मन्रो, म्हणजे ३,००० फुटांहून उंच असा इथला डोंगर, चढायचाच म्हणून हटून बसलेत. या वयात झेपेल का, आणि कुठला निवडावा?

झेपेल. मी डंडीला राहते, हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाले आणि डोंगर चढायला लागले तेच ६३व्या वर्षी. त्यामुळे वयाचं मला फारसं काही वाटत नाही. वडील कोणाबरोबर चालणार आणि कोणाच्या वेगाने, ते मात्र आधी ठरवा. हे एवढं ठासून का सांगते, तर त्यामागे एक प्रसंग आहे.

सुरुवातीला मी इथल्या एका चालणाऱ्या गटात जायचे. माणसं सभ्य, पण गटाची एक रीत होती, ती जवळपास सगळीकडे असते. पुढचे लोक कुठल्यातरी फाटकाशी नाहीतर ओढ्याशी थांबतात, पाणी पितात, केळं खातात, गप्पा मारतात. मागचा माणूस दमछाक होऊन तिथे पोचतो, की लगेच ‘चला, सगळे आले’ म्हणून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्याला ती मिळतच नाही. दिवसभर असंच चालतं आणि संध्याकाळी त्याच माणसाला म्हणतात, तुमचा दम कमी पडतो.

आम्ही शिहॅलियनला गेलो होतो. पर्थशरमधला १,०८३ मीटरचा डोंगर. ब्रेज ऑफ फॉसच्या गाडीतळावरून वाट निघते. खालचा अर्धा भाग छान आहे. जॉन म्युअर ट्रस्टने जुनी उखडलेली वाट बंद करून नवी बांधली आहे. वर गेल्यावर वाट संपते आणि क्वार्टझाइटच्या धोंड्यांचं रान लागतं. प्रत्येक उंचवटा माथा वाटतो आणि त्याच्यामागे पुढचा दिसतो. मी त्या धोंड्यांपर्यंत पोचले तेव्हा लीडर म्हणाला, तुम्ही इथून परत फिरलात तर बरं, खाली गाडीपाशी भेटू. दुपारचे बारा वाजले होते. जून महिना, म्हणजे रात्री दहालाही उजेड. आभाळ स्वच्छ. पाय ठणठणीत होते, दुखत काही नव्हतं. सगळ्यांना चारला चहाच्या दुकानात पोचायचं होतं, एवढंच कारण. माझ्याबरोबर साठीतल्या आणखी एका बाईंनाही परत पाठवलं. त्याचा राग मला आजही आहे.

रात्री दादाला फोन केला. दादा पुण्यात असतो, कॉलेजच्या पोरांचे ट्रेक त्याने वर्षानुवर्षं नेले. वाटलं, तो तरी माझ्या बाजूने बोलेल. तो म्हणाला, ‘अगं, लीडरचं बरोबरच आहे. एकासाठी बाकीच्यांचा दिवस कसा घालवणार? आणि हजार मीटरची तर टेकडी. आपला सिंहगड त्याहून उंच आहे.’

सिंहगड आहेच उंच, साधारण १,३०० मीटर. कळसूबाई तर १,६४६, आणि इथला सर्वांत उंच बेन नेव्हिस १,३४५. तुमचे वडीलही हे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतील. पण सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून निघणारा माणूस आधीच समुद्रसपाटीपासून बराच वर असतो. इथल्या बेन लोमंड या मन्रोला तुम्ही तळ्याच्या काठावरून निघता आणि ९७४ मीटरांतले जवळजवळ सगळे पायांनी चढता. सिंहगडावर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं. इथे माथ्यावर वारा मिळतो, आडोसा असेल तर नशीब. आपल्याकडे पावसात भिजलं तरी अंगाला ऊब असते. इथे मे महिन्यातसुद्धा चार-पाच अंशांत भिजून वाऱ्यात उभं राहिलं तर हात गारठतात, बोलणं जड होतं, आणि साठीनंतर अंग पुन्हा तापायला वेळ लागतो.

शिहॅलियनला मी नंतर गेले, शेजारणीबरोबर. ती पोस्टात टपाल वाटायची, आता निवृत्त आहे, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिची रीत सोपी होती. जो हळू तो पुढे, दुसऱ्याने त्याच्या मागे. पाऊण तास चाललं की दहा मिनिटं दोघींनी बसायचं, दम लागला असो वा नसो. आम्ही सकाळी सातला निघालो. धोंड्यांच्या पट्ट्यात काठ्या दगडांच्या फटीत अडकायला लागल्या, तेव्हा त्या पिशवीला बांधल्या आणि हात टेकत गेलो. घाई नव्हती, म्हणून प्रत्येक धोंडा हलतो का ते पायाने आधी चाचपता आलं. माथ्यावर वारा फार होता. एका कातळाआड बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. पश्चिमेला लॉख रॅनॉक हे तळं आणि त्याच्यापुढे दूरवर डोंगरामागे डोंगर. जाऊन येऊन आठ तास लागले.

संध्याकाळी दादाला फोटो पाठवला. त्याचा पहिला प्रश्न: किती वेळ लागला? आठ तास म्हटल्यावर म्हणाला, तेवढ्यात सिंहगड दोनदा झाला असता.

दादा हे वाचणार आहे, म्हणून हिशोब मांडूनच सांगते. डोंगरातला वेळ काढायला इथे सगळे जो नियम वापरतात तो विल्यम नेस्मिथचा, १८९२चा. सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. शिहॅलियनची वाट जाऊन येऊन १० किलोमीटर, चढ साधारण ७५० मीटर. नेस्मिथच्या हिशोबाने सव्वातीन तास. पण हा नेस्मिथ स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबच्या संस्थापकांपैकी एक, नियम लिहिला तेव्हा पस्तिशी नुकतीच ओलांडलेला, कसलेला गडी. त्यात थांबणं नाही, जेवण नाही, धोंड्यांतून उतरणं नाही. पस्तिशीतल्या माणसाचं माप ६६व्या वर्षाच्या गुडघ्याला लावायचं आणि मग तो कमी पडला म्हणायचं, हा सरळ अन्याय आहे. साठीच्या पुढे मी नेस्मिथची दुप्पट धरते, धोंडे असतील तर त्याहून जास्त, आणि त्यानुसार पहाटे निघते. मेच्या अखेरीला पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उजेड असतो. वेळ भरपूर आहे.

शिहॅलियनवरच १७७४ साली नेव्हिल मॅस्कलाइन हा राजखगोलशास्त्रज्ञ पृथ्वीची घनता काढण्यासाठी ओळंब्याची दोरी डोंगराकडे किती ओढली जाते ते मोजत होता. ढगांमुळे तो तिथे कित्येक आठवडे अडकून पडला. पुढे चार्ल्स हटन या गणितज्ञाने त्या मोजणीच्या हिशोबात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वापरल्या. आज नकाशावर त्याच रेषा मोजून मी चढ ठरवते. शिहॅलियनवर वेळ घालवणं म्हणजे दिवस वाया घालवणं, असं मला तरी कुणी सांगू नये.

आणि वयाबद्दलच विचारत असाल तर निक गार्डनर यांचं नाव वडिलांना सांगा. पत्नी आजारपणामुळे शुश्रूषागृहात गेल्यावर त्यांनी २०२० मध्ये, ८०व्या वर्षी, मन्रो चढायला घेतले आणि २०२२ मध्ये सगळे २८२ पूर्ण केले. नाव सांगायचं ते वडिलांना हुरूप यावा म्हणून. त्यांच्याशी तुलना करून वडिलांना पळवायचं नाही.

आता कुठला डोंगर. गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे ठामपणे सांगता येत नाही. चढापेक्षा उतार त्रास देत असेल तर शिहॅलियन नको, बेन लोमंड घ्या. रोवर्डेननहून नेहमीची वाट चढाला जास्त आहे, पण पायाखाली पक्की आहे, धोंडे नाहीत. ते आल्या आल्या पहिल्याच रविवारी न्यायचं नाही. आधी दोन-तीनदा तुमच्या जवळच्या पेंटलंड टेकड्यांत चालवा, म्हणजे वाऱ्याची आणि ओल्या गवताची सवय होईल. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत मागून येणारे लोक हळू माणसाला नकळत ढकलत राहतात.

सगळ्यात महत्त्वाचं, वडिलांना पुढे ठेवा आणि तुम्ही मागे चाला. मित्रांना बरोबर घेतलंत तर त्यांनाही हे आधीच सांगा, आणि ज्याला पटणार नाही त्याला घरी ठेवा. परत फिरायचं असेल तर हवेमुळे फिरा, वडील म्हणाले तर फिरा. इतर कोणाच्या घाईमुळे फिरू नका.

हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना नीट विचारा; काही गोळ्यांनी नाडी वाढत नाही आणि चढावर लवकर थकवा येतो, त्याला आळस समजू नका. हवामानासाठी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा डोंगरांसाठीचा अंदाज बघा, शहराचा अंदाज तिथे कामाचा नाही. वारा जोराचा सांगितला असेल तर त्या दिवशी घरीच थांबा. नकाशा कागदाचाही ठेवा. अडचण आली तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ते स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत. पण हॉस्पिटलचा खर्च वेगळा, म्हणून वडिलांच्या प्रवास विम्यात डोंगरातलं चालणं धरलंय का ते वाचून बघा. मेमध्ये गवतात गोचीड असतात, त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत तपासा. ते काढायचा छोटा आकडा इथे औषधांच्या दुकानात मिळतो, तो आणून ठेवा.