राजीनामा दिल्यावर कंपनी फुल अँड फायनल आणि रिलीव्हिंग लेटर अडवून बसली तर काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीतल्या कंपनीत ६ वर्षं ७ महिने झाले, ९० पैकी ६० दिवस नोटीस केली, आणि आता एचआर म्हणतंय सेटलमेंट ६० दिवसांनी, रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) त्यानंतर, 'आमची पॉलिसीच आहे'. मी पुण्यातच बरीच वर्षं पेरोलला काढलीत, ही फाईल आत कशी फिरते ते माहितीय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, एफएनएफ (फुल अँड फायनल, नोकरी सोडताना होणारा शेवटचा हिशोब) म्हणजे एकच गठ्ठा हे डोक्यातून काढा. कंपनीला तसं सोयीचं असतं, एक सही राहिली की सगळंच लटकवता येतं. पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा कायदा वेगळा, मुदत वेगळी, म्हणून एकेक सुटं करून मागायचं.

शेवटच्या महिन्याचा पगार आधी घ्या. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय आणि तिच्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे की काढून टाकलेलं असो की स्वतः राजीनामा दिलेला असो, पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. जुन्या १९३६ च्या कायद्यात ही दोन दिवसांची मुदत फक्त मालकाने काढलं तर होती आणि महिना २४,००० च्या वर पगार असेल तर तो कायदाच लागू नव्हता, त्यामुळे आयटीवाल्यांना कोणी विचारत नव्हतं. आता पगाराची ती मर्यादा नाही, मॅनेजरलासुद्धा लागू आहे. पॉलिसी कायद्याच्या वर जात नाही, हे मेलमध्ये कलमासकट लिहा, फोनवर बोलून काही होत नाही.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, वेगळी. पाच वर्षं झालीत म्हणजे हक्क आहेच, आणि शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर गेलात म्हणून ७ वर्षं धरायची. हिशोबाचा पगार ३०,००० धरला तर ३०,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ७, म्हणजे साधारण १,२१,१५४ रुपये. याला ३० दिवसांची मुदत आहे, नंतर व्याज लागतं. लेखी अर्ज द्या, कंपनी स्वतःहून देईल म्हणून बसू नका.

आता कपात. नोटीसच्या राहिलेल्या ३० दिवसांचे पैसे ते कापू शकतात, अपॉइंटमेंट लेटरमध्ये तसं असेल तर, पण बेसिकवर की ग्रॉसवर ते लेटरमध्ये काय आहे तसंच. आणि एफएनएफच्या शीटमध्ये खाली 'नोटीस पे रिकव्हरी' च्या पुढे एक ओळ जीएसटी १८ टक्के अशी असते का ते नीट बघा. मी अशा शीट्स पाहिल्यात आणि लोक निमूट सही करतात याचं फार वाईट वाटतं. नोटीस पे वर जीएसटी लागत नाही, ऑगस्ट २०२२ मध्ये सीबीआयसीनेच (केंद्राचं जीएसटी बघणारं मंडळ) सर्क्युलर काढून सांगितलंय. ती ओळ काढायला लावा. बाँडचे (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार) पैसे मागत असतील तर मात्र हलक्यात घेऊ नका, विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने २ लाखांचा बाँड वैध धरलाय, तेव्हा कागद वकिलाला दाखवाच.

पीएफला एचआरच्या पाया पडायची गरज नाही. कंपनीने एक्झिट डेट टाकली नाही तर शेवटचं काँट्रिब्युशन होऊन दोन महिने झाले की यूएएन (तुमचा पीएफ नंबर) पोर्टलवर तुम्ही स्वतः टाकू शकता, आधारला मोबाईल लिंक पाहिजे एवढंच. फॉर्म १६ (पगारातून टॅक्स कापल्याचा दाखला) चं पण तसंच, टीडीएस कापला असेल तर आर्थिक वर्ष संपल्यावर १५ जूनपर्यंत द्यावाच लागतो, नाही दिला तरी २६एएस (इन्कम टॅक्स पोर्टलवरचा कापलेल्या टॅक्सचा तक्ता) आणि पगाराच्या स्लिपांवरून रिटर्न भरता येतो. स्लिप देणं तर कायद्याने बंधनकारक आहे. लॉगिन बंद व्हायच्या आत सगळ्या उतरवून ठेवा.

रिलीव्हिंग लेटरचं खरं सांगतो, खाजगी आयटी कंपनीवर ते सक्तीचं करणारा सरळसोट कायदा नाही, म्हणून तर तेच हत्यार म्हणून वापरतात. नव्या कंपनीला राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी द्या, पुष्कळ ठिकाणी चालतं, आणि अडचण आधीच सांगून ठेवा. ओरिजिनल मार्कशीट मात्र कोणी ठेवून घेतल्या असतील तर ते साफ चूक आहे, लगेच लेखी परत मागा.

मेलला उत्तर नाही आलं तर १५ दिवसांची मुदत देऊन रजिस्टर एडीने (पोचपावतीच्या टपालाने) पत्र, आणि मग जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज. वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो, हे पत्रात लिहिलं की बऱ्याचदा तिथेच हलतात. तोवर 'सर्व येणं मिळालं, काही बाकी नाही' असल्या कागदावर पैसे खात्यात यायच्या आधी सही करू नका. करावीच लागली तर सहीच्या वर 'रक्कम अद्याप मिळालेली नाही' असं हाताने लिहा, तारीख टाका आणि फोटो काढून ठेवा.