कॉलेज बदलल्यावर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो का?

दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदललं तरी अर्ज करता येतो. फक्त 'प्रथम वर्षाच्याच विद्यार्थ्यांसाठी' अशी अट नाही ना, ते आधी बघा. बऱ्याच योजना तिथेच बाद होतात. गुणपत्रक जुन्या कॉलेजचं लागेल. सही-शिक्क्याची प्रत हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा आजच मागा. शिफारसपत्रही तिथल्याच प्राध्यापकांकडून घ्या, नव्या ठिकाणी तुम्हाला ओळखतंय कोण! जुन्या कॉलेजातले किती क्रेडिट (पास झालेल्या विषयांचे श्रेयांक) नव्या कॉलेजात मान्य झाले ते लेखी घ्या, कारण तुम्हाला कितव्या वर्षात धरायचं हे बहुधा त्यावरच ठरतं. कॉलेज का बदललं हे दोन ओळींत सरळ सांगा, जुन्याची उणीदुणी नकोत. आणि हो, आधीची शिष्यवृत्ती चालू असेल तर ती सहसा आपोआप सोबत येत नाही. देणाऱ्यांना वेळेत कळवा.