ब्रिटनमध्ये प्रीपेड मीटरऐवजी बिलाचा मीटर कसा मिळतो?

भाड्याच्या घरात आधीपासून प्रीपेड मीटर असेल तर बिलाच्या मीटरवर (आधी वापर, नंतर बिल) जाता येते का, असा आपला प्रश्न आहे. वीज आणि गॅसचे पैसे भाडेकरू म्हणून आपणच भरत असाल, तर तशी मागणी पुरवठादार कंपनीकडे आपणच करू शकता; मात्र भाडेकरारात मीटरबद्दल काही अट आहे का ते पाहावे आणि घरमालकाला आधी कळवावे.

खरी अडचण बहुधा थकबाकीची असते. प्रत्येक टॉप-अपमधून जुने कर्ज वसूल होत असेल, तर ते फिटेपर्यंत कंपनी सहसा नकार देते. थकबाकी नसली तरी कंपनी आपली पत तपासू शकते आणि त्यात शंका वाटल्यास अनामत मागू शकते. थकबाकी आधीच्या रहिवाशाची असेल तर ती आपण मुळीच भरू नये, आणि घरात राहायला आल्याची तारीख भाडेकराराच्या आधारे कंपनीला लेखी कळवावी.

स्मार्ट मीटर असल्यास हा बदल बहुतेक वेळा दुरूनच होतो. चावी किंवा कार्डाने पैसे भरायचा जुना मीटर मात्र तंत्रज्ञाने येऊन बदलावा लागतो. त्या दिवशी मीटरचे आकडे आणि शिल्लक रक्कम यांचे छायाचित्र अवश्य काढा, कारण शिल्लक परत मागताना तोच पुरावा उपयोगी पडतो. कंपनीने नकार दिल्यास त्याचे कारण लेखी मागा आणि रीतसर तक्रार नोंदवा. आठ आठवड्यांत ती सुटली नाही, तर एनर्जी ओम्बड्समन या वीज-गॅस ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे विनाशुल्क दाद मागता येते.