अर्धी कादंबरी दाखवावी का?

प्रश्न : कादंबरीची सात प्रकरणं झाली, साधारण बारा बाकी आहेत. मैत्रीण वाचायला मागतेय. आत्ताच देऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : शेवट सापडला नसेल तर नको. पहिल्या खर्ड्यात लेखक स्वतःच गोष्ट शोधत असतो. तेव्हा कुणी ‘नायिका जरा कठोर वाटते’ म्हटलं, की पुढचं राहतं आणि पहिलं प्रकरणच चौथ्यांदा लिहिलं जातं. कौतुकही तितकंच घातक. सांगून झाल्याच्या समाधानात लिहिण्याची निकड ओसरते.

खर्डा पुरा करा, तीन-चार आठवडे बाजूला ठेवा, मग छापील प्रतीवर स्वतः दुरुस्त्या करा. स्वतःला दिसणारे दोष संपले, की दोघा-तिघांना द्या. ‘कशी वाटली?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच हाती येईल. त्याऐवजी जिथे कंटाळा आला, जिथे मागचं पान उलटावं लागलं, तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा. दोघांच्या खुणा एकाच पानावर आल्या तर तिथे काहीतरी बिघडलंय. (त्यांनी सुचवलेला उपाय मात्र बहुधा लागू पडत नाही.)

अपवाद बोलीचा. संवाद मालवणीत असतील आणि ती तुमची बोली नसेल, तर तेवढी पानं मालवणी बोलणाऱ्याला आत्ताच दाखवा.