नाही म्हणायची सोय

प्रिय पोरी,

रात्री पावणेदोनला लिहिलेल्या मेसेजमधलं निम्मं पाणी उतरवूनच तो वाचावा लागतो. उरलं ते असं: तुमच्या दिग्दर्शकाला मुलांच्या सिनेमात खरा डॉल्फिन हवाय, तोही जाळ्यातून वाचवलेला, आणि हे लचांड सगळ्यात ज्युनियर म्हणून तुझ्या गळ्यात पडलंय. लाइन प्रोड्यूसर म्हणतो, दुबईला किंवा थायलंडला जाऊन आठवड्यात उरकू. आणि तू मला विचारतेस, ‘काका, ‘डॉल्फिन टेल’मधल्या त्या विंटर डॉल्फिनने सिनेमात काम केलंच ना? मग आपण केलं तर काय बिघडलं?’

प्रश्न खोटा नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. पण आधी कायद्याचं उरकतो. आपल्याकडे डॉल्फिन तलावात ठेवून त्याच्याकडून खेळ करून घेता येत नाहीत. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३मध्ये परिपत्रक काढून डॉल्फिनेरियमला बंदी घातली. त्याआधी १९९८मध्ये चेन्नईजवळ परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते. किनाऱ्यावर अडकलेला डॉल्फिन जिवंत असेल तर त्याला परत खोल पाण्यात नेऊन सोडायचा प्रयत्न होतो. तो कॉल टाइमला हजर राहत नाही. म्हणजे इथे विषय संपला. तुझी खरी अडचण परदेशातली आहे, कारण तिथे कायदा आडवा येणार नाही आणि ठरवायचं तुलाच आहे.

आता विंटर. ‘डॉल्फिन टेल’ २०११चा, पण गोष्ट सुरू होते डिसेंबर २००५मध्ये. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर खेकड्यांच्या सापळ्याच्या दोरीत अडकलेलं एक पिल्लू सापडलं, जेमतेम दोन-तीन महिन्यांचं. दोरीने शेपटीचा रक्तपुरवठा तुटला आणि शेपटी गेली. क्लिअरवॉटरच्या मत्स्यालयात ते जगलं आणि आपलं आपण पोहायला शिकलं, पण माशासारखं, डावीकडे-उजवीकडे वळवळत. डॉल्फिनचा कणा वर-खाली हलण्यासाठी असतो. असंच चालू राहिलं तर कणा वाकडा होईल, ही डॉक्टरांची भीती. मग माणसांचे कृत्रिम पाय बनवणारे केव्हिन कॅरल आणि डॅन स्ट्रझेम्पका यांनी तिच्यासाठी शेपटी बनवली. डॉल्फिनची कातडी फार नाजूक, म्हणून आत घालायला खास मऊ जेल तयार करावं लागलं. तेच जेल पुढे पाय गमावलेल्या माणसांनाही उपयोगी पडलं.

हे सगळं तुला माहीत आहे, तू तो सिनेमा पाहून रडली आहेस. पण रडताना एक गोष्ट तुझ्या नजरेतून निसटली. शेपटी चढवायची तर विंटरला ट्रेनरजवळ येऊन स्थिर राहावं लागे. पाण्यातल्या डॉल्फिनला कोण धरून ठेवणार? तिला पटलं नाही की ती निघून जायची. शेपटी दिवसभर तिच्या अंगावर नसायचीच, थोडा वेळ, ट्रेनरच्या देखरेखीत. सिनेमावाले आले तेव्हा तिचं शिक्षण कधीच होऊन गेलं होतं, तेही तिच्या कण्यासाठी. शूटिंग तिच्याच घरी झालं, तिच्याच माणसांबरोबर. किनाऱ्यावर जखमी होऊन पडल्याच्या दृश्यांना यांत्रिक डॉल्फिन होता. युनिट तिच्या दिनक्रमात शिरलं, तिला युनिटच्या शेड्यूलमध्ये कोंबलं नाही. तरी त्या मत्स्यालयाला मी सोवळ्यात बसवत नाही. विंटर समुद्रात परत जाऊ शकत नव्हती, २०२१मध्ये ती तिथेच गेली, आणि तिकिटंही तिच्याच नावावर खपली. पण तिला नाही म्हणायची सोय होती. मी एवढंच बघतो.

तुझा लाइन प्रोड्यूसर म्हणेल, तिकडचे डॉल्फिन पण शिट्टीवर काम करतात, मारत कोणी नाही. बरोबर आहे, मारत नाहीत. शूटिंगच्या कुत्र्यांना शिकवताना मी जे क्लिकर, म्हणजे टक्‌ वाजणारं छोटं खेळणं, वापरतो ना, ते कुत्रेवाल्यांमध्ये रुजलं डॉल्फिनवाल्यांमुळेच. कॅरन प्रायर नावाची बाई १९६०च्या दशकात हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिनना शिकवत होती. पट्टा बांधता येत नाही, छडी उगारता येत नाही, उगारलीच तर तो तलावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून शिट्टी: ‘हे आत्ता केलंस ना, हेच हवं होतं’, आणि मग मासा. जबरदस्ती जमेना तेव्हा माणूस विनवायला शिकला, हे मला फार आवडतं. पण त्याला दुसरी बाजू आहे. पोटभर मासळी त्या उडीवरच मिळणार असेल, तर तो डॉल्फिन नाही कशाच्या बळावर म्हणणार? तू तिथे गेलीस तर उड्या बघू नकोस. विचार, आज याने काम केलं नाही तर संध्याकाळी याला किती मासे? उत्तर ‘तेवढेच’ असेल तर पुढचं बोल. गडबडून हसले तर विमानतळ गाठ.

आणि ‘फ्लिपर’चं विसरू नकोस. १९६४पासून अमेरिकेत घराघरांत लाडकी झालेली मालिका. तिच्यातल्या डॉल्फिनना शिकवणारा रिक ओ’बॅरी. त्यातली कॅथी १९७०मध्ये त्याच्या हातात मेली, आणि तेव्हापासून तो माणूस डॉल्फिन सोडवण्याच्या मागे लागला. ज्याने शिकवलं तोच म्हणतो, हे बंद करा. त्याच्यासारखं सरसकट मी म्हणत नाही, कारण विंटर माझ्या डोळ्यांसमोर येते. पण तो वेडा नाही.

माझं काय झालं ते तू आईकडून ऐकलं असशील, तिखटमीठ लावून. आता माझ्याकडून ऐक. घोडबंदर रोडच्या एका बंगल्यात मालिकेचं शूट होतं, मेचं ऊन, बाजूला जनरेटर. माझी कुत्री चिंगी दोन टेक नीट करून मेकअप व्हॅनखाली जाऊन बसली. बाहेर येईना. दिग्दर्शक म्हणाला, पट्टा ओढा की. मी म्हणालो, तिचं पॅकअप झालं. त्यावर बरीच शोभा झाली आणि मी चिंगीला रिक्षात घालून कळव्याला घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला, दुसरा कुत्रा घेऊन, गळ्यात चोक चेन, ओढली की आवळणारी. सीन झाला. टीव्हीवर दिसलाही.

म्हणजे चिंगी सुटली आणि तो दुसरा अडकला. याची मला अजून खंत आहे, आणि तुझी काकू नेमकी त्यावरच बोट ठेवते: ‘तुम्ही थांबला असतात, तासभर सावली मागितली असतीत, तर दोन्ही कुत्री वाचली असती.’ असेल. पण तासभर सावली मागणारा माणूस पुढच्या वेळी अर्धा तास मागतो, त्याच्या पुढच्या वेळी पाणी पाजून घेतो आणि शेवटी स्वतःच पट्टा ओढतो. मी असे होत गेलेले लोक पाहिलेत, चांगले लोक. मला बरेच महिने काम नव्हतं, हप्ते थकले. तरी चिंगी शेवटपर्यंत शिट्टी वाजली की धावत यायची. ज्याला जाऊ दिलंय तोच धावत येतो. हे मी स्वतःच्या समाधानासाठी बोलतोय असं तुला वाटेल. वाटू दे.

तर नाही म्हणायची सोय. डॉल्फिनला, कुत्र्याला आणि तुलाही. तू नाही म्हणालीस तर तुझ्या जागी दुसरं कोणी येईल, हे खरं आहे, मी वर लिहिलंच. म्हणून नुसती उठून येऊ नकोस. माझ्यापेक्षा शहाणपणाने कर. स्क्रिप्ट घे आणि डॉल्फिन प्रत्यक्ष किती शॉट्समध्ये लागतो ते मोज. जाळ्यात अडकणं, जखम, उपचार हे सगळं यांत्रिक मॉडेल आणि व्हीएफएक्समध्ये होतं, अमेरिकेत २०११ला झालं तर आता का नाही? मोकळा डॉल्फिन हवा तर आपल्या कोकणच्या समुद्रात आहेत. होडी लांब ठेवायची, इंजिन मंद, त्यांच्या मागे लागायचं नाही, आले तर आले. त्यासाठी शेड्यूलमध्ये राखीव दिवस मागून घे. युनिटची परदेशाची तिकिटं, हॉटेलं आणि तिथलं तलावाचं भाडं एका कागदावर लिही, शेजारी हा खर्च लिही. सिनेमात कुत्रा-मांजर असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते, तिला वेळ जातो, तेही आताच सांगून ठेव.

आणि हा कागद आधी दिग्दर्शकाला दाखवू नकोस, तो कलेवर भाषण देईल. निर्मात्याचे हिशेब बघणाऱ्या बाईंना दाखव. गुरुवारच्या मीटिंगआधी मला शॉट्सची यादी पाठव, कुठे काय बदलता येईल ते मी पेन्सिलने लिहून देतो. रात्री पावणेदोनला पाठवू नकोस, मी झोपलेला असतो.

तुझा,
काका