एक्स-रे सूक्ष्मदर्शक, हवेतले कण आणि मुलीची नोकरी

कागलहून एका वडिलांचं पत्र आहे : "मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक्स-रेच्या सूक्ष्मदर्शकातून हवेतले कण अभ्यासायचे म्हणते. एक्स-रे टेक्निशियनच व्हायचं तर डिप्लोमा पुरेसा नाही का? यात नोकरी आहे का? किरणांनी तब्येत तर बिघडणार नाही?"

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी म्हणते ते दवाखान्यातलं काम नव्हे. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं जळतात, तोडणीनंतर फडात पाचट पेटवतात. त्या धुरात काजळी असते आणि सेंद्रिय पदार्थही, पुष्कळदा एकाच कणात. काजळी ऊन शोषून हवा तापवते. तिच्यावरचा सेंद्रिय थर हवेत मुरत गेला की पाणी धरू लागतो, आणि असा कण ढगातल्या थेंबाचं बीज होऊ शकतो. म्हणून एकेका कणात कोणता कार्बन कुठे बसलाय, हे कळणं मोलाचं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कणाचा आकार उत्तम दाखवतो, पण त्याच्या झोतात नाजूक सेंद्रिय भाग उडून जाऊ शकतो. इथे कमी ऊर्जेचे, 'सॉफ्ट' एक्स-रे कामी येतात. इलेक्ट्रॉनव्होल्ट हे किरणांची ऊर्जा मोजायचं माप. २८४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास कार्बन हे एक्स-रे जोरात शोषू लागतो. ऊर्जा थोडी थोडी वाढवत त्याच कणाची चित्रं घेतली, की काजळीतले कार्बन अणूंमधले दुहेरी बंध २८५ च्या जवळ आणि सेंद्रिय आम्लं २८८.५ च्या जवळ उठून दिसतात. मला स्वतःला ही पद्धत फार सुंदर वाटते. तुमच्या मुलीला तिची ओढ लागली, यात नवल नाही.

धोक्याचं म्हणाल, तर हे किरण थोड्याशा हवेतच विरतात. म्हणून नमुना निर्वात किंवा हेलियम भरलेल्या बंद पेटीत ठेवतात आणि माणसं बाहेर बसून काम करतात.

हे काम सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगानं गोल फिरवून प्रखर एक्स-रे काढणाऱ्या भल्यामोठ्या यंत्रावर चालतं. अमेरिकेत बर्कलेला आणि स्वित्झर्लंडमध्ये अशी यंत्रं आहेत. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहेत. संशोधक प्रस्ताव पाठवतात, मंजूर झाला की ठरलेला वेळ मिळतो. बाकी वर्षभर नमुने गोळा करणं आणि संगणकावर आकडेमोड. तेव्हा तिने यंत्राच्या मागे न लागता स्पेक्ट्रोस्कोपी (पदार्थ कोणत्या ऊर्जेचे किरण शोषतो यावरून तो ओळखणं), वातावरणाचं रसायन आणि पायथन ही संगणकाची भाषा पक्की करावी. नमुन्यांना तर आपल्या जिल्ह्यात तोटा नाही.

एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी, नाहीतर आपलं शिवाजी विद्यापीठ. पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. पुण्याची आयआयटीएम ही संस्था वातावरणाचंच संशोधन करते, आणि तिची ढगांची प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये येतात, म्हणजे त्या काळात घरावर बोजा पडत नाही. पण कायमच्या नोकरीला तिशी उलटू शकते, हे आजच धरून चला. मध्येच थांबावं लागलं तरी पदार्थ तपासणीच्या आणि प्रदूषण मोजणीच्या प्रयोगशाळांत हीच कौशल्यं चालतात. तोवर लग्नाची घाई मात्र करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आता एकच काम. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. तिचे अर्ज साधारण हिवाळ्याच्या तोंडाला निघतात. तिला यंदाच भरायला सांगा आणि एखाद्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र आधीच मागून ठेवू द्या.